उजव्या खिशातले दोन छर्रे

नसीमचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर होतो. पाण्याच्या टाकीची पातळी मी रोज सकाळी खुणा केलेल्या काठीने मोजतो. निवृत्तीनंतर जडलेल्या निरुपद्रवी सवयींपैकी ही एक. फोनवर तिचे नाव दिसले आणि पुढचे वाक्य काय असणार हे मला कळले. तरीही मी आधी काठीवरची खूण वाचली, मगच फोन घेतला. "सर, अब्बा गेले," ती म्हणाली. मागे दवाखान्यातल्या कुठल्याशा यंत्राचा ठरावीक अंतराने येणारा आवाज अजून चालू होता. तो शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा असणार. मी काहीतरी विचारले, तिने काहीतरी सांगितले… आणि मग एकदम म्हणाली, "त्यांचं जाकीट माझ्यापाशीच आहे, सर. दाखल करताना काढून दिलेलं. तुम्ही घेऊन जाता का?" मी म्हणालो, "बघू." त्यानंतर मी कब्रस्तानात गेलो, तीन मुठी माती दिली, आमच्यातल्या अप्पा मगदूमांचा हात धरून बाहेर आलो, पण ते जाकीट मात्र चाळीस दिवस बघितले नाही. ते का बघवत नव्हते हे सांगायचे, तर आधी दस्तगीर शिकलगार कोण होते, आणि आम्ही दर सोमवारी दुपारी काय करत होतो, हे सांगायला हवे.

दस्तगीरभाई उद्यमनगरातले लेथवरचे मिस्त्री. माझी त्यांची ओळख शाळेत झाली. मी गणित शिकवत असे आणि नसीम माझ्या आठवीच्या वर्गात होती. फळ्यावर वर्तुळ काढण्याच्या माझ्या लाकडी कंपासचा सांधा तुटला होता आणि शाळा नवा घेऊन देईना. पालकसभेला आलेल्या या गृहस्थांनी तो कंपास न विचारता उचलला, उघडझाप करून पाहिला आणि म्हणाले, "सर, ह्यो घिऊन जातो." चार दिवसांनी त्याला पितळी सांधा आणि पोलादी टोक बसवून परत आणला. त्या कंपासने मी पुढे निवृत्तीपर्यंत वर्तुळे काढली आणि त्यातले एकही तोंड न मिळता राहिले नाही. असा माणूस मित्र झाला नसता तरच नवल.

ते तरुणपणी सहा वर्षे आखातात नोकरीला होते. तिथल्या कामगारांच्या वसाहतीत ते पोकर शिकले आणि निवृत्तीच्या वयात त्यांनी तो आम्हाला शिकवला. आम्ही चौघे: ते, मी, जयसिंगपूरहून दर सोमवारी रेल्वेने येणारे हार्डवेअरचे व्यापारी अप्पा मगदूम, आणि पोस्टातून निवृत्त झालेले जाधव, जे खेळताना बोलत नसत आणि एरवीही फारसे बोलत नसत. सोमवारी दस्तगीरभाईंच्या वर्कशॉपला सुट्टी असे. लेथवर मेणकापड टाकलेले, मधल्या लाकडी बाकावर चादर, तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास, आणि प्रत्येकापुढे शंभर चिंचोके. एक चिंचोका म्हणजे एक रुपया. मात्र जो जिंकेल त्याने त्याच संध्याकाळी उरलेल्या तिघांना मिसळ खाऊ घालायची, असा नियम असल्यामुळे आजवर कोणी श्रीमंत झाले नाही. "ह्यो जुगार न्हवं, मिसळीची भिशी हाय," असे दस्तगीरभाई म्हणत. पण लावण्याला मर्यादा नव्हती. मनात आले तर एका डावात सगळेच्या सगळे चिंचोके पुढे सरकवता येत. शंभर रुपये गेले म्हणून आमच्यापैकी कोणी उपाशी राहणार नव्हते. परंतु समोरच्याने दोन्ही तळव्यांनी आपला ढीग पुढे लोटला की छातीत जे होते, ते शंभर रुपयांतही तेवढेच होते.

खेळ त्यांनी शिकवला आणि हिशोब मी. ज्यांना पोकर ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पुढे ते लागणार आहे. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मध्ये सर्वांसाठी पाच पाने उघडली जातात: आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. आपली दोन आणि मधली पाच यांतून सर्वांत चांगली पाच निवडायची. पाचही पाने एका रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक, जुळली तर त्याला आम्ही कलर म्हणतो, आणि तो बऱ्याच गोष्टींच्या वरचढ असतो. आता अशी कल्पना करा की तुमच्याकडे एका रंगाची चार पाने जमली आहेत, पाचवे यायचे आहे आणि मध्ये उघडायचे एकच पान उरले आहे. समोरच्याने चिंचोके लावले. तुम्ही तेवढेच चिंचोके मोजून डावात राहायचे की पाने टाकून बाहेर पडायचे? दस्तगीरभाई या जागी नेहमी मोजत. "चार आल्याती, पाचवं कुटं जातंय?" हा त्यांचा युक्तिवाद असे, आणि ते नेहमी हरत.

सातवीनंतर शाळा सुटलेल्या माणसाला शक्यता शिकवायची तर हाताला काहीतरी द्यावे लागते. मी त्यांना म्हणालो, एका रंगाची तेरा पाने असतात. चार तुम्हाला दिसली, उरली नऊ. एका बेअरिंगमधले नऊ छर्रे काढा. त्यांनी लगेच एक जुनी बेअरिंग फोडली आणि नऊ चकचकीत पोलादी छर्रे माझ्या हातावर ठेवले. मी ते त्यांच्या जाकिटाच्या डाव्या खिशात टाकले आणि सांगितले, "न दिसलेली पाने सेहेचाळीस. त्यातली तुमची एवढीच, सदतीस परकी. म्हणजे साधारण पाच वेळा बसलात तर एकदा पान येईल. तेव्हा मधल्या ढिगाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त मोजावे लागत असेल, तर पाने टाका. हात खिशात घाला, छर्रे चाचपा, आणि मग ठरवा." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "एवढंच व्हय? मग शाळंत का न्हाय सांगितलं कुणी?" त्या दिवसापासून ते जाकीट घातल्याशिवाय खेळायला बसले नाहीत. ऐन वैशाखातही.

आणि माझा पहिला धडा अपुरा होता, हे सहा महिन्यांनी उघड झाले. मध्ये चार पाने होती: बदाम राजा, बदाम अठ्ठी, किलवर चौव्वी आणि इस्पिक गुलाम. दस्तगीरभाईंच्या हातात बदाम एक्का आणि बदाम छक्की. म्हणजे चार बदाम जमलेले. अप्पांनी लावले, हिश्शाच्या हिशोबात बसत होते, दस्तगीरभाईंनी खिसा चाचपून मोजले. शेवटचे पान उघडले, बदाम चौव्वी. कलर झाला! त्यांनी दोन्ही तळव्यांनी सगळा ढीग पुढे लोटला. अप्पांनी शांतपणे दोन अठ्ठ्या उलटून दाखवल्या. मधली तिसरी अठ्ठी, आणि आता मध्येच चौव्वीची जोडी झालेली… तीन अधिक दोन, म्हणजे फुल हाऊस, कलरच्या वर. ज्या पानाने दस्तगीरभाईंचा कलर पुरा केला, त्याच पानाने अप्पांचा डाव त्याहून मोठा केला होता. "यप्पा! मिस्त्री, तुमचं पान माझ्या घरला आलं की वो!" अप्पा ओरडले. दस्तगीरभाई मात्र माझ्याकडे वळले. "सर, नऊ म्हणालात तुमी."

मी कागद घेतला. त्यांचे म्हणणे बरोबर होते, चूक माझी होती. समोरच्याकडे तीन सारखी पाने असल्याचा संशय असेल, तर मधल्या पानांची जोडी जमवणारी दोन बदाम पाने, चौव्वी आणि गुलाम, ही दिसायला आपली असली तरी ती आपली नव्हेत. ती आली की रंग जुळतो आणि डाव जातो. म्हणजे खरी पाने नऊ नसून सात. मी चौतीस वर्षांत कुणाचा अर्धा गुण वाढवून दिला नाही, आणि या माणसाला मी दोन पाने फुकट वाढवून दिली होती. मी तसे कबूल केले. त्यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला. डावा खिसा खऱ्या पानांचा, उजवा खोट्या पानांचा. मधली पाने बघायची, संशय आला की डाव्या खिशातले दोन छर्रे काढून उजव्यात टाकायचे आणि डाव्यात जे उरतील त्यांच्यावर निर्णय घ्यायचा. डाव संपला की पुन्हा नऊच्या नऊ डावीकडे. नसीम सांगायची की उजव्या खिशाचे अस्तर वर्षातून दोनदा शिवावे लागते. "खोट्याचं वजन जास्त असतंय," असे त्यांचे त्यावर उत्तर असे.

आता एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे. पोलादी छर्रे वाजतात. चादरीवर पत्ते पडण्याचा आवाज जवळपास होत नाही. त्या शांततेत डाव्या खिशातली बारीक खुळखुळ मला स्पष्ट ऐकू येई. ती ऐकू आली की दस्तगीरभाई कलरची वाट बघत आहेत, हे मला कळे. मग मी मुद्दाम इतके चिंचोके लावी की त्यांना पाने टाकावी लागत; कलर लागलाच तर मी माझी पाने टाकी. उजव्या खिशात टाकलेले दोन छर्रेही ओळखू येत. रिकाम्या खिशात पडणारा पहिला छर्रा वाजत नाही, दुसरा पहिल्यावर आपटतो. म्हणून एकच बारीक टिक. ही खूण मी तीन वर्षे वापरली आणि कुणालाही सांगितली नाही. मिसळ मीच खाऊ घालत होतो हे खरे. तरी शिक्षकाने दिलेल्या साधनाचा आवाज शिक्षकानेच चोरून ऐकावा, हे मला स्वतःलाच कुठेतरी टोचत होते… आणि तरी मी ऐकत होतो.

गेल्या हिवाळ्यात त्यांचे जाकीट अंगावर सैल दिसू लागले. पोटात गाठ निघाली, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली. एका शनिवारी डॉक्टरांनी घरच्यांना बोलावले. नसीमची आई वारलेली, दुसरे कोणी नाही. ती मला सोबत घेऊन गेली. डॉक्टर तरुण होते आणि नेमके बोलत होते, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. ऑपरेशन केले नाही तर काही महिने, फार तर आठ; त्यातले बरेचसे घरी, हिंडतफिरत, दुखणे औषधांनी ताब्यात ठेवून. ऑपरेशन केले तर पुरे बरे होण्याची संधी आहे. "मात्र ऑपरेशनमधून बाहेर येणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," ते म्हणाले. "काही जण बाहेर येतात आणि त्या खाटेवरून उठत नाहीत. त्यांच्या वयाला, त्यांच्या प्रकृतीला, हे मी लपवणार नाही." गुरुवारपर्यंत निर्णय सांगायचा होता.

बाहेरच्या बाकावर नसीम माझ्या शेजारी बसली. ती औषधांच्या दुकानात काम करते. असल्या वाक्यांचा अर्थ तिला माझ्याहून चांगला कळतो. मग म्हणाली, "सर, ऑपरेशनचं मी अब्बांना सांगते. पण ते खाटेवरचं तुम्ही सांगू नका. मीपण सांगणार नाही." मी म्हणालो, "नसीम, निर्णय त्यांचा आहे." तिने माझ्याकडे पाहिले. आठवीत गणित अडले की जसे पाहायची, तसेच. "ते कळलं तर नाहीच म्हणतील की, सर. मग मी काय करू? आठ महिने नुसती बघत बसू?" मी तिला शब्द दिला. देताना मला ठाऊक होते की मी काय देतो आहे.

सोमवारी दस्तगीरभाई नेहमीप्रमाणे खेळायला बसले. मी बसू नका म्हणालो होतो. त्यांनी ऐकले नाही. चेहरा पिवळसर, पण दाढी नीट केलेली, जाकीट घातलेले. अप्पा त्या दिवशी जास्तच मोठ्याने बोलत होते आणि जाधव नेहमीपेक्षाही गप्प होते. शेवटच्या डावात मला दोन नव्व्या आल्या, आणि मध्ये उघडलेल्या पहिल्या तीन पानांत तिसरी: इस्पिक नव्वी, इस्पिक राणी, चौकट तिर्री. याहून चांगले काय हवे? मी लावले. अप्पांनी आणि जाधवांनी पाने टाकली. दस्तगीरभाईंचा हात डाव्या खिशात गेला आणि खुळखुळ झाली. म्हणजे दोन इस्पिक हातात, पाचव्याची वाट. त्यांनी मोजले. चौथे पान किलवर राजा, कामाचे नाही. ढिगात चाळीस चिंचोके होते, मी तीस लावले. चौथ्या हिश्शाच्या नियमाने त्यांनी पाने टाकायलाच हवी होती. पुन्हा खुळखुळ… आणि त्यांनी तीसच्या तीस मोजले. मला राग आला. आयुष्यभर हिशोबाने वागायला शिकलेला माणूस आजारी पडला की हिशोब सोडतो काय, असा एक विचार मनात आला आणि तो त्या खेळापुरता नव्हता. शेवटचे पान उघडले: इस्पिक सत्ती.

दस्तगीरभाईंनी दोन्ही तळव्यांनी राहिलेला सगळा ढीग पुढे लोटला. तीन नव्व्या जुळलेल्या असूनही मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. बाहेरून एक रिक्षा गेली. कलर लागला आहे हे मला ठाऊक होते, कारण मी ते ऐकले होते. मी पाने टाकली.

तेव्हा त्यांनी आपली दोन पाने एकेक करून उलटी केली. चौकट पंजी. बदाम चौव्वी. हातात काहीही नव्हते, एकही इस्पिक नव्हते.

"अय्यो, सर गेले!" अप्पा बाकावर हात आपटून हसले. "मिस्त्रींनी सरांची परीक्षा घेतली आनि सर नापास!" जाधवसुद्धा हसले. मी विचारले, "हे कसे?" दस्तगीरभाई चिंचोके गोळा करत म्हणाले, "सर कानानं खेळतात. म्हणलं, आज त्यास्नी जरा ऐकू द्यावं." माझ्या चेहऱ्याचे काय झाले असेल ते मी पाहिले नाही. मी फक्त एवढेच विचारू शकलो की हे त्यांना कधीपासून माहीत होते. "पयल्या आठवड्यापास्नं. आंधळ्यालाबी कळंल की, सर. मी खिसा हलीवला की तुमी मान खाली घालता." मग माहीत असून वाजवत का राहिलात? असे मी विचारले. "कुनीतरी ऐकतंय, म्हणून बरं वाटायचं," ते म्हणाले, आणि मिसळीला चला म्हणून उठले. उठताना त्यांनी बाकाचा आधार घेतला आणि तो घेतल्याचे कुणाला दिसू नये म्हणून चादर सारखी केली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, ते माझ्या घरी आले. दोन जिने चढून आले, हे सांगितले पाहिजे. खुर्चीवर बसून श्वास जमेपर्यंत मी पाणी आणले. ते त्यांनी हातात धरले, प्यायले नाही. "नसीमनं समदं सांगितलंय," ते म्हणाले. "पर ती माजी लेक हाय. ती सांगताना दुसरीकडं बगत हुती. तुमी डागदरकडं गेलतात. म्हणून तुमास्नी इचारतो." डावा हात खिशात होता. आवाज येत नव्हता. छर्रे मुठीत घट्ट धरलेले असावेत. "नऊ धरू, का सात?"

मला प्रश्न पूर्ण कळला होता. तरी मी वेळ काढला, म्हणालो, "म्हणजे?" त्यांनी वर्गातल्या शहाण्या मुलासारखे समजावून सांगितले. "ऑपरेशन झालं, मी मेलो, तर तो इषय संपला. बरा झालो, तर लेथवर हाय. पर जगलो आनि पडून ऱ्हायलो… नळ्या लावून, पोरगी उशाला बसून… तर ते पान कलरचं हाय खरं, पर माजं न्हवं. तसली पानं हाईत का ह्यात? हिशोबाचं बोला, सर. मला वाईट वाटणार न्हाय."

मी त्या क्षणाकडे नंतर पुष्कळदा परत गेलो आहे. टेबलावर पाण्याचा पेला होता, खिडकीत ऊन होते, खाली कुणीतरी भांडी घासत होते. दोन माणसे माझ्यापुढे होती. एक खुर्चीवर बसलेला, ज्याने माझ्याकडे उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मला येत होती. दुसरी दवाखान्यातल्या बाकावर, माझी विद्यार्थिनी, जिला मी शब्द दिला होता. खरे सांगितले तर ते ऑपरेशनला नाही म्हणतील. आठ महिन्यांत, कदाचित त्याआधीच जातील, आणि नसीम म्हणेल की सरांनी सांगितले म्हणून. खोटे सांगितले तर… मला माझ्यासाठीही तो माणूस जगायला हवा होता, हे इथे लिहायला हवे. त्या उत्तरात तिसरा माणूस म्हणून मीही होतो.

"नऊ," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली नाही. उलट फार सरळ पाहिले. "नऊ," ते म्हणाले. "बरं." पाणी प्यायले, पेला जागच्या जागी ठेवला आणि उठले. मी खाली सोडायला येतो म्हणालो, तर त्यांनी हातानेच बसवले. "बसा. तुमास्नीच गुडघं दुखत्यात." मी दारात उभा राहिलो. ते एकेक पायरी मोजल्यासारखे उतरत गेले. पहिल्या वळणावर थांबले. दिसत नव्हते, पण पावले थांबल्याचे ऐकू आले. मग एक बारीक टिक आला आणि पावले पुन्हा सुरू झाली. मी दार लावून घेतले.

बुधवारी त्यांनी डॉक्टरांना होकार कळवला. ऑपरेशनला सहा तास लागले आणि ते यशस्वी झाले. डॉक्टरांनी बाहेर येऊन हाच शब्द वापरला. नसीमने माझा हात धरला आणि रडली. त्यानंतर दस्तगीरभाई सोळा दिवस जगले. त्या सोळा दिवसांत त्यांनी एक शब्दही उच्चारला नाही, कारण घशात नळी होती. उजवा हात थोडा हलत असे, डावा हलत नसे. नसीम उशाला होती. मी रोज काचेबाहेर उभा राहत असे. अप्पा दोनदा आले, दुसऱ्यांदा आत न जाता परत गेले. पान आले होते. रंग जुळला होता. मी फळ्यावर शंभर वेळा लिहिल्यासारखे हे वाक्य मनाशी लिहीत होतो: दोन पाने मी वाढवून दिली, आणि त्यातलेच एक आले.

चाळिसाव्याच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. माणसे जेवून गेली होती. नसीमने मला आतल्या खोलीत नेले. खुंटीवर ते जाकीट होते, राखाडी, खांद्यावर तेलाचा एक जुना डाग. "मी त्याला हात लावलेला नाही, सर," ती म्हणाली. "दवाखान्यात काढून दिलं तसंच आणून अडकवलं. धुतलंसुद्धा नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी तुमच्याकडं जाऊन आल्यावर मला म्हणाले, सरांनी नऊ सांगितलं. आणि हसले. मला कळलं नाही, का हसले ते. तुम्हाला कळलं तर सांगा."

मी जाकीट खुंटीवरून काढले नाही. तसेच ठेवून डाव्या खिशात हात घातला. पोलाद थंड होते. मी बोटांनी मोजले, कारण बाहेर काढायचे धैर्य होत नव्हते. पुन्हा मोजले. मोजणीत चूक होऊ नये म्हणून मी शाळेत मुलांना सांगत असे ते केले: दुसऱ्या टोकाकडून मोजले. उत्तर तेच आले. मग मी उजव्या खिशात हात घातला. अस्तर नुकतेच शिवलेले होते, टाके बोटांना लागत होते, आणि तळाशी, एकमेकांना चिकटून…

पहिला छर्रा वाजत नाही, दुसऱ्याचा एकच टिक येतो. ती खूण मी तीन वर्षे चिंचोक्यांसाठी अचूक ओळखली होती. जिन्याच्या वळणावर मात्र ती माझ्यासाठीच वाजवलेली असताना मी दार लावून घेतले होते.

"किती आहेत, सर?" नसीमने विचारले. ते दोन खिसे तिने वर्षानुवर्षे शिवले होते. डावा कशाचा आणि उजवा कशाचा हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी काय सांगतो यावर तिचे पुढचे सगळे अवलंबून होते. अब्बांना फसवून आपण तिथे पाठवले, की ते मोजून गेले… मी छर्रे जिथल्या तिथे राहू दिले, हात बाहेर काढला आणि तिच्याकडे वळलो.

"सात," मी म्हणालो. "आणि उजव्या खिशात दोन."